हट्ट आणि शरणागती : तीन मराठी ख्रिस्ती जीवनांविषयी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला म्हणजे प्रथम आठवते ते ख्रिश्चन कॉलेज. कॅनडातील प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी १८७७ मध्ये माळव्यात आले. शहरात उपदेश करण्याच्या प्रश्नावरून दुसऱ्या तुकोजीरावांचा दरबार आणि मिशन यांच्यात काही वर्षे खटके उडाले, आणि पुढे १८८७ मध्ये हे कॉलेज निघाले. तेथे मिळणारी विद्या आपण आनंदाने घेतली. त्या विद्येमागे उभी असलेली श्रद्धा कोणती, ती माणसाच्या अंतःकरणाकडून नेमके काय मागते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच केली. ज्या मराठी माणसांनी ती चौकशी केली आणि तिचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिले, त्यांच्यापैकी तिघांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत कठीण अंतःकरणाची कल्पना वारंवार येते. इजिप्तचा राजा फारो याचे मन कठीण झाले, इस्राएल लोक ताठ मानेचे ठरले, आणि यहेज्केल या संदेष्ट्याने पाषाणाचे हृदय जाऊन त्या जागी मांसाचे हृदय येईल अशी आशा सांगितली. या धर्मात केवळ काही मते मान्य करून भागत नाही. माणसाचा ‘मी’ देवाच्या स्वाधीन व्हावा लागतो. आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या वाचकांस ही शरणागतीची भाषा परकी वाटू नये. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाला या शरणागतीबरोबर आणखी एक गोष्ट पत्करावी लागे. बाप्तिस्मा घेतला की जात गेली, पंगत गेली, बहुधा घरही गेले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला खरा; पण हातचे पाणी चालावे असा कायदा कोणत्याही सरकारला करता येत नाही.

अशा माणसांना त्यांच्या आप्तांनी हट्टी म्हटले, कारण ती परत फिरेनात. आश्चर्य असे की, त्यांतील कित्येकांना मिशनरी मंडळींनीही हट्टीच म्हटले, कारण ती सांगितले ते ऐकेनात. या दुहेरी आरोपाकडे पाहिले असता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. देवापुढे वाकणे आणि माणसांपुढे वाकणे या एकच गोष्टी आहेत काय? पुढील तीन जीवने त्याचे उत्तर देतात असे आम्हांस वाटते.

पहिले जीवन आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घराण्यातले आहे. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा गावी झाला. घराणे चित्पावन, मूळचे कोकणातले. बांद्याच्या नबाबाच्या दरबाराशी त्याचा संबंध होता, आणि नीळकंठशास्त्री वाढले ते काशीत. बुंदेलखंड, काशी, माळवा या मुलखांत गेलेल्या मराठी घरांनी भाषा आणि आचार किती जपून ठेवले हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. गाव सुटलेले, मुलूख परका. अशा ठिकाणी जातीची पंगत हेच माणसाचे गाव होते. त्या पंगतीतून उठणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या घरांना इतरांपेक्षा अधिक यावी.

गोरे ख्रिस्ती धर्माकडे वळले ते त्याचे खंडन करण्यासाठी. त्याची पूर्वपीठिका अशी. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून पंडितांना त्यांच्याच भाषेत आव्हान दिले. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. पहिले उत्तर सोमनाथ या नावाने लिहिले गेले. रिचर्ड फॉक्स यंग या अभ्यासकाच्या मते हा सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू. इंदूरहून भोपाळकडे जाताना लागणारे हेच ते सिहोर. तेथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहवासात सुबाजी बापूंनी कोपर्निकसचे ज्योतिष अभ्यासले होते आणि १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला होता. दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे, १८४४-४५ मधील, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या नावाचे, नीळकंठशास्त्री गोरे यांचे. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांच्या आसपास होते. हा ग्रंथ पुढे शंभर वर्षांनी, १९५१ मध्ये, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेतर्फे प्रसिद्ध केला. म्हणजे या वादाची सुरुवात आणि त्याचे उत्तरकालीन प्रकाशन, दोन्ही माळव्याशी निगडित आहेत.

या ग्रंथातील गोऱ्यांचा एक आक्षेप विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही थोड्या वर्षांच्या आयुष्यातील पापासाठी देव माणसाला अनंतकाळ नरकात ठेवतो, असे मानणे देवाच्या न्यायाला आणि दयेला शोभत नाही. त्यापेक्षा कर्मसिद्धान्त अधिक सयुक्तिक होय. अशा आशयाचे हे म्हणणे आहे. काशीतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे हे तरुण शास्त्री जाऊ लागले तेही त्याची चूक त्याच्या पदरात घालण्यासाठीच. वाद करता करता त्यांनी बायबल वाचले, पुन्हा वाचले. चार वर्षांनी, १४ मार्च १८४८ रोजी, काशीतील विरोध टाळण्यासाठी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नेहेम्या हे त्यांचे नवे नाव.

येथे गोष्ट संपली असती तर वादात हरलेल्या पंडिताची ती कथा झाली असती. परंतु गोऱ्यांचे उर्वरित आयुष्य वेगळेच सांगते. बाप्तिस्म्याने त्यांचे आक्षेप मिटले नाहीत. अनंत शिक्षेचा प्रश्न त्यांना पुढेही छळीत राहिला. विश्वासाविषयी शंका पुनःपुन्हा उठत, आणि ते त्या लपवीत नसत. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून ते इंग्लंडला गेले. तेथील ख्रिस्ती समाज त्यांना धर्मग्रंथातल्यासारखा दिसला नाही, आणि त्यांची निराशा मॅक्समुल्लरला भेटीत इतकी स्पष्ट दिसली की त्याने ती आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली. परत येऊन त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. फिट्झएडवर्ड हॉल याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये निघाले. १८७० मध्ये त्यांना पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. पुढे अँग्लिकन पंथातील एका संन्यस्त मंडळात ते उमेदवार म्हणून दाखल झाले, पण आपली पात्रता नाही या संकोचाने अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते उमेदवारच होते.

सत्तेचाळीस वर्षे ख्रिस्ती राहिलेला हा मनुष्य रोज नव्याने शरण जात होता, असेच म्हणावे लागते. त्यांच्या बुद्धीला सर्व उत्तरे मिळाली नव्हती; उत्तरे मिळाल्यावर वाकायचे, ही अट तेवढी त्यांनी सोडून दिली. ज्या चिकाटीने त्यांनी विरोध केला त्याच चिकाटीने ते श्रद्धेला धरून राहिले. स्वभाव तोच राहिला, त्याची दिशा पालटली.

या शरणागतीची किंमत मात्र त्यांनी एकट्यानेच दिली असे नव्हे. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून त्या नव्या जीवनात आल्या आणि १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर काही महिन्यांतच निवर्तल्या. मुलगी एलेन लक्ष्मी हिला प्रथम एका नीळ पिकवणाऱ्या इंग्रज कुटुंबाने व नंतर स्टॉर्स या मिशनरी कुटुंबाने वाढविले. ती इंग्लंडमध्ये लहानाची मोठी झाली, आणि १८८० मध्ये सेवेसाठी हिंदुस्थानात परतली. देवाच्या सान्निध्यातील गुप्त आश्रयाविषयी तिने रचलेले इंग्रजी गीत आजही अनेक देशांतील चर्चमध्ये गायिले जाते. बापाच्या घरी न वाढलेल्या मुलीने आश्रयाचे गीत लिहावे, यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही. एकाच्या शरणागतीचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावरही पडते, एवढे इतिहास लिहिणाऱ्याने विसरू नये.

दुसरे जीवन पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). त्यांचा येथे येण्याचा मार्ग गोऱ्यांमधूनच जातो. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या. तेथे गोऱ्यांशी त्यांची ओळख झाली. पुढे इंग्लंडमधील वाँटेज येथे असताना गोऱ्यांच्या लेखनाने आपल्या शंका फिटल्या असे रमाबाईंनी स्वतःच कृतज्ञतेने सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण येथूनच त्यांच्या ‘हट्टा’च्या तक्रारी सुरू झाल्या. त्या शाकाहारी राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. त्रैक्याचा सिद्धान्त चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. इंग्लंडात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, कारण ते हिंदुस्थानात वाईट दिसेल, असे बिशपांनी कळविले, तेव्हा ज्या बाईने हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती तिने हे बंधन झुगारले. आध्यात्मिक मातेच्या ठिकाणी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला, अनम्रता वाटली. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसरे जू चढवून घेण्याची आपली तयारी नाही. विवेकबुद्धी देवाने दिली आहे आणि तिचा जबाब देवालाच द्यावयाचा आहे. हा सर्व पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध झाला, आणि तो वाचणाऱ्यास दोन्ही बाजूंची तळमळ दिसते.

मग रमाबाई शरण गेल्याच नाहीत काय? त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात याचा उलगडा आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळालेला नव्हता; असे त्या प्रांजळपणे सांगतात. बुद्धीने पटलेला धर्म आणि अंतःकरणाने केलेले समर्पण यांतील हे अंतर त्यांनी स्वतःच मोजले. बिशपांच्या सांगण्यावरून नव्हे. त्यानंतरच्या काळात शारदासदनावर वादळ आले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार सदनातील ख्रिस्ती प्रभावाच्या आक्षेपावरून दूर झाले. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याकडच्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले. सदनाच्या पद्धतीविषयी सुधारकांनी घेतलेल्या हरकती निराधार होत्या असे आम्ही म्हणत नाही. आश्रयाला आलेल्या बालिकेवर आश्रयदात्याच्या धर्माचा प्रभाव पडणारच, आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही. पण ज्या बाईने बिशपांपुढे मान वाकविली नाही, तिने दुष्काळपीडित मुलींच्या सेवेपुढे आयुष्य वाकविले, हे कोणासही नाकारता येणार नाही.

तिसरे जीवन लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६). येथे हट्ट बुद्धीचा नाही, स्वातंत्र्याचाही नाही. तो सोवळ्याचा आहे, आणि म्हणून आपल्या घरांना तो सर्वांत जवळचा वाटेल. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने टोक गाठले आणि सगळे घर त्यात भरडून निघाले. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच या हकीकतीने होते. सोवळे हा केवळ आचार नव्हता. अनेक घरांत तो दुःखाने आणि भीतीने घातलेला कोट होता, हे त्या पानांवरून कळते.

त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या लहान मुलासह नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या आपला स्वयंपाक आणि आपले सोवळे वेगळे राखूनच. टिळकांनी वाद घातले, कविता पाठविल्या, रागावलेही. पण बायकोचा धर्म हुकमाने बदलत नाही हे त्यांना कळून चुकले. हुकूम सोसून घेणाऱ्यांपैकी लक्ष्मीबाई नव्हत्याच.

बदल झाला तो राहुरीला, आणि कोणाचाही उपदेश चालू नसताना. हे उच्चनीच भेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला; माणसाने, असे उत्तर आले; आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्या अंतःकरणातला पाषाण प्रथम वितळला तो परक्या हातातल्या पाण्याच्या भांड्याशी. धर्माचे नाव मागाहून बदलले. ज्या बाईला वडिलांच्या घरी शिवाशिवीच्या धाकात वाढावे लागले, तिने पुढे जातपात न पाहता अनाथ आणि आजारी मुलांना पोटाशी धरले.

टिळकांचे स्वतःचेही असेच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले राहून १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचे बंधुमंडळ काढले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. बहुतेक भाग त्यांचाच आहे. ज्या नावाने संसार मोडला त्याच नावाचे काव्य त्यांनी उरलेले आयुष्य रचले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या तिघांपैकी एकही जण देवापुढे वाकल्यावर माणसांपुढे अधिक आज्ञाधारक झालेला दिसत नाही. गोऱ्यांनी काशीच्या पंडितसभेचे मानले नाही आणि मिशनच्या गोऱ्या ख्रिस्ती समाजाला आदर्शही मानले नाही. रमाबाईंनी पुण्याच्या सनातन्यांचे ऐकले नाही, सुधारकांचे ऐकले नाही आणि बिशपांचेही ऐकले नाही. लक्ष्मीबाईंनी प्रत्यक्ष नवऱ्याचे मत आपल्या मनाला पटेपर्यंत स्वीकारले नाही. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, मोडलेले मन आणि समर्पित मन या वेगळ्या वस्तू आहेत. मोडलेला मनुष्य कोणाचेही ऐकतो. समर्पित मनुष्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ येते. जो कोणी धार्मिक अधिकारी, मग तो मठाचा असो वा मिशनचा, आपली आज्ञा मोडणाऱ्यास ‘देवापुढे नम्र हो’ असे सांगतो, त्याचे बोल तपासून घ्यावेत, एवढा धडा या तीन चरित्रांतून मिळतो.

दुसरा धडा आपल्या घरांसाठी आहे. ज्यांनी धर्म बदलला त्यांची नावे वंशावळींतून गळतात. एखाद्या शाखेपुढे रेघ थांबते आणि कारण लिहिलेले नसते. त्यांचा निर्णय आपल्याला पटावा असा आमचा आग्रह नाही. आपापल्या देवघरात आपण आहोत तसेच राहावे. परंतु गोऱ्यांसारखा संस्कृतज्ञ आपल्याच स्थलांतरित समाजात जन्मला, त्याने आपल्या बाजूने लिहिलेला ग्रंथ उज्जैनमध्ये छापला गेला, आणि तरीही त्याचे नाव आपल्या मुलांस ठाऊक नाही, ही गोष्ट बरी नव्हे. ज्या घरांत जुनी कुलवृत्तांताची बाडे असतील त्यांनी ती एकदा उघडावीत, थांबलेल्या रेघा शोधाव्यात, आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना त्या माणसांची नावे विचारून ती वंशावळीत पुन्हा लिहून ठेवावीत.